ऑपरेशन योजनेत बसलं, पिशवी बसली नाही

आज एक आजार समजावून सांगायचा आहे, आणि त्या निमित्ताने थोडं भांडायचंही आहे. आधी समजावून घेऊ, म्हणजे भांडण कशाबद्दल आहे ते कळेल.

आपण खाल्लेलं अन्न लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात आणि तिथून गुदद्वारावाटे बाहेर, असा साधा रस्ता आहे. कधी कधी हा रस्ता बंद करावा लागतो. गुदाशयाचा कॅन्सर झाला, टायफॉइडने किंवा टीबीने आतड्याला भोक पडलं, अपघातात आतडं फाटलं, मोठ्या आतड्याला पीळ पडून ते काळं झालं, अशी कारणं असतात. काही बाळं जन्मतःच गुदद्वाराशिवाय येतात. अशा वेळी सर्जन आतड्याचं एक तोंड पोटाच्या कातडीवर आणून शिवतो. गावाकडे याला ‘पोटावर संडासची वाट काढली’ म्हणतात, आणि हे वर्णन अगदी बरोबर आहे. वैद्यकीय भाषेत हा स्टोमा. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टॉमी. मूत्राशय काढून टाकावं लागलं तर लघवीसाठीही अशीच वाट काढतात, ती युरोस्टॉमी.

या वाटेला दार नसतं. गुदद्वाराला स्नायूंचं कडं असतं, म्हणून आपल्याला संडास रोखून धरता येते. स्टोमाला तसं काही नाही. जेव्हा यायचं तेव्हा येतं, जेवताना, झोपेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. म्हणून त्यावर चोवीस तास पिशवी लागते. पिशवी म्हणजे नुसतं प्लास्टिक नव्हे. तिच्या मागे कातडीला धरून बसणारी, ओल शोषणारी एक चकती असते, ती फ्लँज. खरं काम त्या चकतीचं असतं.

का, ते इलिओस्टॉमीच्या पेशंटला विचारा. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात. पोळी-भाजी पचवणारा तोच रस कातडीवर सांडला की कातडी पचवायला लागतो. दोन दिवसांत लाल, चार दिवसांत सोललेली. सोललेल्या ओल्या कातडीवर नवीन पिशवी चिकटत नाही, मग अजून गळतं, अजून सोलतं. या चक्रात सापडलेला माणूस पाहिलात तर ‘पिशवी ही सोयीची वस्तू आहे’ असं तुम्ही पुन्हा म्हणणार नाही.

आता भांडणाकडे येतो.

आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. आज दोन्ही एकत्र चालतात आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. या योजनांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांनी आयुष्यात खासगी हॉस्पिटलची पायरी चढली नसती, अशा माणसांची कॅन्सरची मोठमोठी ऑपरेशनं या कार्डावर होताना मी रोज पाहतो.

स्टोमा काढण्याचं ऑपरेशन या योजनेत होतं. पुढे तो बंद करण्याचं ऑपरेशनही होतं. मधल्या काळाचं काय? पेशंट वॉर्डात आहे तोवर पिशवी पॅकेजमध्ये. डिस्चार्ज झाला की फुले योजनेत दहा दिवसांचा आणि आयुष्मान भारतमध्ये पंधरा दिवसांचा पाठपुरावा, तोही मुख्यतः तपासणी आणि औषधांचा. त्यानंतर तुम्ही ओपीडीचे पेशंट, आणि ओपीडी योजनेत बसत नाही. स्टोमा मात्र पोटावर तसाच असतो. काहींना तीन महिने, केमोथेरपी चालू असेल तर आठ-नऊ महिने, आणि गुदद्वारच काढून टाकलं असेल तर आयुष्यभर.

हिशोब करू. एक फ्लँज नीट काळजी घेतली तर तीन ते पाच दिवस टिकते. म्हणजे महिन्याला सात-आठ तरी. चांगल्या कंपनीचा माल घेतला, सोबत फटी भरायची पेस्ट आणि पावडर धरली, तर महिन्याला साधारण दोन ते चार हजार रुपये जातात. मधला आकडा तीन हजार धरला तर वर्षाचे ३६ हजार. मजुरीवर जाणाऱ्या आणि सध्या आजारपणामुळे मजुरीवरही जाऊ न शकणाऱ्या माणसाने हे कुठून आणायचे?

तो आणत नाही. तो जुगाड करतो. फ्लँज पाच दिवसांऐवजी बारा दिवस वापरतो, कडा सुटल्या की वरून चिकटपट्टी लावतो. दुधाची रिकामी पिशवी धुऊन कमरेला नाडीने बांधलेली मी पाहिली आहे. बाळांच्या आया जुन्या लुगड्याचे तुकडे घड्या करून बांधतात. एक बाई गावाहून फॉलोअपला येताना आदल्या दुपारपासून जेवत नसे, बसमध्ये पिशवी फुगायला नको म्हणून. इलिओस्टॉमीच्या पेशंटने असं खाणंपिणं तोडणं घातक असतं. त्याच्या शरीरातून पाणी आणि मीठ आधीच जास्त जात असतं. तो सुकतो, किडनीवर ताण येतो आणि पुन्हा ॲडमिट करावा लागतो.

पुन्हा ॲडमिट झाला की काय होतं? योजना पुन्हा पैसे देते! सलाइन, रक्ताच्या तपासण्या, बेड, सगळं. पिशवीचे पैसे वाचवून आपण बेडचे पैसे भरतो. याला काटकसर म्हणायचं की काय म्हणायचं, ते अर्थखात्याने ठरवावं.

दुसरं नुकसान कुठल्याच हिशोबात दिसत नाही. गुदाशयाच्या कॅन्सरच्या काही पेशंटना कायमची पिशवी लागेल असं सांगावं लागतं. त्यातले काही जण परत येत नाहीत. लाज, भीती ही कारणं असतातच. पण नातेवाईक बाहेर येऊन हळूच विचारतात, “डॉक्टर, या पिशव्या आयुष्यभर विकत घ्यायच्या का?” हो म्हटलं की त्यांचे चेहरे बदलतात. बरा होऊ शकणारा कॅन्सर मग एखाद्या बाबाच्या काढ्यावर जातो. तात्पुरत्या स्टोमावाले उलट करतात. केमो अर्धवट असताना ‘आधी हे बंद करा’ म्हणून हट्ट धरतात. त्यांचं चुकतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सरकारला ही वस्तू माहीतच नाही असं म्हणावं, तर तसंही नाही. जुलै २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने ऑस्टॉमीच्या साहित्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. चांगलं केलं. महिन्याच्या तीन हजारांत त्यामुळे साधारण दीड-दोनशे रुपये वाचू शकतात. पण एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, आणि ज्यांच्या किमती सरकारने बांधून दिलेल्या नाहीत त्यांची एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायला परवानगी आहे. म्हणजे आज ३०० रुपयांना मिळणारी फ्लँज पाच वर्षांनी ४८० रुपयांच्या वर गेली तरी ते नियमात बसतं. करातली सवलत एका वर्षाच्या वाढीत बुडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे. त्यात स्टोमा नाही, त्यामुळे दिव्यांगांना मोफत साधनं देणाऱ्या योजनांचं दारही बंद. स्टोमा असलेल्या प्रत्येकाला दिव्यांग म्हणावं असं माझं मत नाही. माझे काही पेशंट शेती करतात, रिक्षा चालवतात, एक तर शाळेत शिकवतात. चांगली पिशवी मिळाली म्हणून ते हे करू शकतात, हे मात्र विसरू नका.

आणि आता वयोश्री. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना साधनं घ्यायला एकदाच ३ हजार रुपये. यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, कंबरेचा पट्टा आहे, कमोड खुर्चीसुद्धा आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला संडासला बसायला त्रास होतो, हे सरकारला कळलं. ज्याला बसायची सोयच उरली नाही, त्याचं नाव यादी लिहिताना कुणाला आठवलं नाही.

बाहेर काय चालतं? इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असलेल्या माणसाला सूट-प्रमाणपत्र मिळतं आणि त्याच्या चिठ्ठीवरचं साहित्य फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियात स्टोमा साहित्याची वेगळी सरकारी योजनाच आहे आणि वाटपाचं काम पेशंटच्या संघटना करतात. अमेरिकेचं उदाहरण मला जास्त आवडतं, तेही आरोग्य विम्याच्या बाबतीत, जिथे त्या देशाचं कौतुक करण्यासारखं फारसं काही नसतं. तिथली मेडिकेअर पिशवीला ‘कृत्रिम अवयव’ समजते. जयपूर फूट जसं पायाचं काम करतं, तशी पिशवी गेलेल्या अवयवाचं काम करते, म्हणून विमा तिचे पैसे देतो. वीस टक्के पेशंट भरतो. हा विचार आपल्याकडे आणायला एक रुपया लागत नाही.

‘आपण श्रीमंत देश नाही’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पण डायलिसिसचं काय? आठवड्याला दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षं चालणारा उपचार, आणि तो आपण योजनेत घेतला. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. म्हणजे ‘आम्ही फक्त ॲडमिट झालेल्याचे पैसे देतो, रोजचं काही देत नाही’ हे तत्त्व आपण केव्हाच सोडलं आहे. डायलिसिसच्या मानाने पिशवी फारच स्वस्त. शिवाय वर्षाचे ३६ हजार हे त्याच कुटुंबाच्या ५ लाखांच्या मर्यादेत सहज बसतात, मर्यादा वाढवायचीही गरज नाही. राज्याने एकगठ्ठा खरेदी केली तर दुकानातली किंमतही पडणार नाही.

एका बैठकीत मला असंही ऐकवलं गेलं, “लोक फुकट पिशव्या घेऊन बाहेर विकतील.” कुणाला विकतील हो? पोटाला भोक नसलेला माणूस ही पिशवी घेऊन काय करणार? फार तर दुसऱ्या स्टोमावाल्याला विकतील. ज्याला मिळत नाही तोच विकत घेईल, म्हणून सगळ्यांनाच द्या, बाजार आपोआप बंद होईल.

मागणी अगदी छोटी आहे. स्टोमा काढण्याच्या पॅकेजला जोडूनच पाठपुराव्याचं एक पॅकेज हवं. त्यात महिन्याला ठरावीक फ्लँज, पिशव्या आणि पेस्ट द्यावी, स्टोमा बंद होईपर्यंत. कायमचा असेल तर दरवर्षी कार्डावर नूतनीकरण. वाटप जिल्हा रुग्णालयातून, म्हणजे चार फ्लँजसाठी मुंबई-पुण्याला जावं लागणार नाही. आणि प्रत्येक जिल्ह्यात स्टोमाची निगा शिकलेली एक तरी नर्स हवी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये जसं स्टोमा क्लिनिक आहे तसं जिल्ह्याला लगेच होणार नाही, पण भोक किती मोठं कापायचं हे दाखवणारं कुणी तरी लागतंच. फ्लँजचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आक्रसतो, तेव्हा माप पुन्हा घ्यायचं. हे कुणी सांगितलं नाही तर फुकटची पिशवीही गळणार.

हे होईपर्यंत घरात कुणाला स्टोमा असेल तर एवढं करा. डिस्चार्जआधी नर्सकडून पिशवी स्वतःच्या हाताने दोनदा तरी बदलून घ्या, सोबतच्या नातेवाइकानेही. किती दिवसांचं साहित्य पॅकेजमध्ये मिळणार, हे आरोग्यमित्राला विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करा, जड झाली की फ्लँज सुटते. दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ लागलं, लघवी कमी झाली, चक्कर आली तर घरी थांबू नका. कातडी सोलली तर तेल, क्रीम लावू नका, त्यावर काहीच चिकटत नाही. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पेशंटची संघटना आहे, तिच्याशी संपर्क ठेवा.

आणि फुले योजनेच्या १५५३८८ किंवा आयुष्मान भारतच्या १४५५५ या नंबरवर फोन करून ‘पिशवी मिळत नाही’ ही तक्रार नोंदवा. मिळणार नाही असंच उत्तर येईल, तरी नोंदवा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. राज्य आरोग्य हमी सोसायटीला मी जे पत्र लिहितो आहे, त्याला असे नंबर जोडायचे आहेत.