पाठीचें गाऱ्हाणें

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं आमच्याकडील पुष्कळ शाळांस व्यायामाची एकाएकीं आठवण होते. वर्षभर ज्यांनीं दहा जोर काढले नाहींत, त्यांच्याकडून आठ दिवसांत कवाईत, मुद्गल व सिंगल बार यांची तयारी करून घेण्यांत येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मुलाची पाठ खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांमध्यें अशी दुखूं लागते कीं, अंगांतील सदरा काढणेंही कठीण व्हावें. मग घरांत दोन पक्ष पडतात. आई म्हणते, "बंद कर तो व्यायाम." वडील म्हणतात, "दुखल्याशिवाय अंग कमावतां येत नाहीं." आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात, आणि त्यांच्या वादांत मुलाचें ऐकून कोणीच घेत नाहीं.

प्रथम या दुखण्याचें मूळ पाहूं. सिंगल बारवरून हळूहळू खालीं येतांना किंवा फिरता मुद्गल आवरून धरतांना पाठीच्या वरच्या भागांतील स्नायु ताणलेही जातात आणि त्याच वेळीं भारही पेलतात. संवय नसल्यास अशा श्रमानें स्नायूंच्या तंतूंस सूक्ष्म इजा होते. ती भरून येत असतांना तेथें किंचित् सूज येते व हात लागला तरी दुखतें. म्हणूनच हें दुखणें बहुधा दुसऱ्या दिवशीं सुरू होतें, दोन-तीन दिवस जोर धरतें आणि आठवड्याच्या आंत ओसरतें. थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०२ सालींच स्नायूंतील सूक्ष्म इजेचें अनुमान मांडलें होतें. पुढें कित्येक वर्षें लोकांनीं याचें खापर लॅक्टिक आम्लावर फोडलें. परंतु तें आम्ल तर व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांतच ओसरतें. मग दुसऱ्या दिवशींच्या दुखण्यास तें जबाबदार कसें?

तात्पर्य, दुखणें हें अपरिचित श्रमाचें चिन्ह होय. त्यावरून बळ मोजतां येत नाहीं. तोच व्यायाम कांहीं दिवसांनीं पुन्हा केला असतां पाठ पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी दुखते. रोज थोडेंथोडें वाढविणारा विद्यार्थी फारसा न विव्हळतां बळकट होतो. आणि दुखतें म्हणून व्यायामास कायमचा रामराम ठोकणारा पुढील वर्षीं तीच वेदना पुन्हा सोसतो. मधले दोन-चार दिवस जड कसरत सोडावी, चालणें-फिरणें चालू ठेवावें, शेकानें बरें वाटल्यास शेकावें. इतकें बहुधा पुरतें.

मात्र प्रत्येक पाठदुखी अशी निरुपद्रवी नसते. व्यायाम करतां करतांच एकाएकीं तीव्र कळ आली, पडून मार बसला, हातास मुंग्या आल्या, हातांतील शक्ति कमी झाली, ताप आला किंवा दुखण्यानें रात्रीं झोंप लागेना, तर डॉक्टरांस दाखवावें. आठवडा उलटूनही पाठ दुखत राहिल्यास तोच मार्ग. छातींत आवळून धाप लागल्यास, अथवा लघवी काळसर तांबूस झाल्यास, तत्काल दवाखाना गांठावा.

आतां थोडें स्पष्ट बोलूं. 'दुखतें' म्हणणाऱ्यास जोंपर्यंत नाजूक म्हणून हिणविलें जातें, तोंपर्यंत मुलें खरी इजाही लपवीत राहतील. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींस दररोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत सांगितली आहे. हा नियम सबंध वर्षाचा आहे. संमेलनापुरत्या आठ दिवसांनीं तो पाळला जात नाहीं. यास्तव जून महिन्यांत शाळा उघडतांच मुद्गल हातीं द्यावेत, आरंभीं हलके द्यावेत, आणि भार हळूहळू वाढवावा. तास सुरू करण्यापूर्वीं शिक्षकांनीं कोणास काय दुखतें हें आपण होऊन विचारावें. पालकांनीं भीतीही घालूं नये व ईर्षेसही पेटवूं नये. मुलाचें सांगणें शांतपणें ऐकून घ्यावें.

विद्यार्थी मित्रहो, संमेलनांतील टाळ्या घटकाभर टिकतात. पाठ मात्र जन्मभर उपयोगी पडावयाची आहे. तिचें गाऱ्हाणें वेळीं सांगण्यांत यत्किंचितही कमीपणा नाहीं.