पुसले म्हणजे गेले नव्हे

सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने मॉर्गन स्टॅन्ले या बड्या वित्तसंस्थेला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. निमित्त होते अडगळीचे. जुनी यंत्रे मोडीत काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या कंपनीकडे दिले गेले आणि त्यांतली काही ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात विकली गेली.

मी बँकेत आयुष्य काढले. लेजरच्या अनुक्रमणिकेतून खातेदाराचे नाव खोडले, तरी पानावरच्या नोंदी तशाच राहतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ‘डिलीट’चे हेच होते. संगणक ती जागा मोकळी समजतो, एवढेच. तिच्यावर नवे लिहिले जाईपर्यंत जुने वाचता येते. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुन्या बाजारातून घेतलेल्या १२९ चालू डिस्कपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या निघाल्या.

इलाज अवघड नाही. अशी डिस्क एकदा संपूर्ण शून्यांनी भरली की सहसा पुरते. एसएसडी मात्र लिहिण्याच्या जागा स्वतःच बदलत असते. तिथे उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञाच वापरावी. बंद पडलेली डिस्क फोडूनच टाकावी.

आपल्याकडच्या २०२३च्या कायद्याने काम संपलेली माहिती पुसण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. घरचा संगणक भंगारात देणाऱ्याला विचारणारे कोणी नाही. पण त्यात आईचे वैद्यकीय अहवाल असतात, सुनेचे पॅनकार्ड असते. ती ठेव आपली नव्हे, त्यांची आहे. आणि ठेव सांभाळणे म्हणजे काय, हे बँकवाल्याने वेगळे सांगायला हवे का?