पिंप आले कुठून?

सप्टेंबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून, मुख्यतः परासिया भागातून, लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. सगळ्यांची कहाणी साधारण सारखीच होती. आधी सर्दी-ताप, मग खोकल्याचे औषध आणि दोन-चार दिवसांत लघवी बंद. सुरुवातीला पाणी तपासले, डास तपासले, लेप्टोस्पायरोसिसचीही शंका घेतली. शेवटी बोट गेले ते औषधाच्या बाटलीकडे. तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल निघाले. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली औद्योगिक द्रावकाने भरलेली होती. वीसहून अधिक मुले दगावली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचचा क्रमांक जाहीर करून विक्री थांबवायला सांगितले.

पुढचे सारे सवयीने पार पडले. कंपनीचा परवाना गेला, मालकाला अटक झाली आणि औषध लिहून देणारा डॉक्टरही गजाआड गेला. कारवाई व्हायलाच हवी होती. पण ते द्रावक ज्या पिंपातून आले, ते पिंप किती हातांतून फिरले आणि त्यातल्या एकाही हाताने झाकण उघडून आतला माल का तपासला नाही, या प्रश्नावर चर्चा लवकर थंडावली. खरा धोका त्याच प्रश्नात दडला आहे.

डायएथिलीन ग्लायकोल हे रसायन कारखान्यात तसे सभ्यच म्हणायला हवे. बेंझीनसारखे ते नाकातून शिरून रक्तावर घाला घालत नाही, थिनरसारखा त्याचा वास डोक्यात चढत नाही. ते सुमारे २४५ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. ब्रेक ऑइल, छपाईची शाई, पॉलिएस्टर रेझिन, नैसर्गिक वायूतली ओल काढण्याची यंत्रणा अशा कितीतरी ठिकाणी ते रोज वापरले जाते. हातमोजे, चष्मा आणि साधी शिस्त पाळणाऱ्या कामगाराला त्यापासून मोठी भीती नसते.

भीती आहे ती ते पोटात जाण्याची. शरीरात त्याचे डायग्लायकोलिक आम्ल बनते आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी त्याने मरतात. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी बंद, आणि काही रुग्णांत त्यानंतर मज्जातंतू लुळे पडतात. हे लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यात हा द्रव रंगहीन, वासहीन, दाट आणि चवीला गोड. औषधात वापरले जाणारे ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकोलही दिसायला तसेच. तिन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर मुरलेल्या केमिस्टलाही नुसत्या नजरेने फरक सांगता येणार नाही. शिवाय औद्योगिक माल औषधी दर्जाच्या मालापेक्षा स्वस्त पडतो. बाकीचे काम लोभ करतो, आणि लोभ नसेल तिथे हलगर्जी.

हे विष जगाला १९३७पासून ठाऊक आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅसेनगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवले, रासबेरीचा स्वाद घातला, आणि चव, रंग, वास तपासून बाजारात आणले. विषारीपणाची चाचणी केलीच नाही, कारण कायद्याने ती सक्तीची नव्हती. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत कितीतरी मुले होती. सरकारला कंपनीवर ठेवता आला तो आरोप लेबलचा. ‘एलिक्सिर’ म्हटले की त्यात अल्कोहोल असायला हवे, आणि यात ते नव्हते! त्या हाहाकारातून अमेरिकेचा १९३८चा औषध कायदा आला.

भारतात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासला लहान मुले याच रसायनाने गेली. त्यानंतर १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे प्रकरण घडले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना तोंडाने ग्लिसरीन दिले जात असे. त्या ग्लिसरीनमध्ये १८.५ टक्के डायएथिलीन ग्लायकोल होते. चौदा रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशीचा धागा रुग्णालयाच्या भांडारापासून ओढत पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्रालयापर्यंत नेला. १९८८मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारी खरेदी कशी चालते याचा इतका उघडानागडा दस्तऐवज महाराष्ट्रात क्वचितच तयार झाला असेल. तो वाचून राज्याने देशाला धडा घालून द्यायचा होता. प्रत्यक्षात १९९८मध्ये गुडगावजवळ ३३ मुले गेली आणि २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूतल्या रामनगर भागात पुन्हा तेच घडले. २०२२मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तानातल्या मुलांच्या मृत्यूंशी भारतीय कंपन्यांची सिरपे जोडली गेली.

पिंपाचा प्रवास कसा होतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मिळाला तो पनामात. २००६मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने सर्दीच्या औषधाच्या सुमारे दोन लाख साठ हजार बाटल्या भरल्या. त्यासाठी लागलेल्या ‘ग्लिसरीन’ची ४६ पिंपे चीनमधल्या एका कारखान्यातून बीजिंगच्या व्यापाऱ्याकडे, तिथून बार्सिलोनाच्या कंपनीकडे आणि मग पनामाच्या दलालाकडे पोहोचली. माल ९९.५ टक्के शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र सोबत होते. वाटेत ते नव्या नावाने नव्याने टंकित होत गेले आणि मूळ कारखान्याचे नाव त्यावरून गळाले. झाकण कोणी उघडले नाही. कागद तेवढा हातोहात पुढे गेला. पुढच्याच वर्षी पनामातल्या एका ग्राहकाने दुकानातल्या टूथपेस्टच्या वेष्टनावर ‘डायएथिलीन ग्लायकोल’ हे नाव छापलेले वाचले आणि सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, म्हणून ती टूथपेस्ट सापडली. इतक्या यंत्रणांना जे दिसले नाही, ते लेबल वाचणाऱ्या एका माणसाला दिसले.

हे पिंप ओळखायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पातळ थरावरच्या क्रोमॅटोग्राफीची चाचणी जुनी आणि स्वस्त आहे, आणि थोड्या प्रशिक्षणाने कोणताही तंत्रज्ञ ती करू शकतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याचे चार लिटर दूधसुद्धा फॅट आणि एसएनएफ पाहिल्याशिवाय घेत नाहीत. औषध कारखान्याच्या दारात आलेले दोनशे लिटरचे पिंप मात्र पुरवठादाराच्या चिठ्ठीवर आत घेतले जाते. ऑक्टोबर २०२५मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनीच राज्यांना पत्र लिहून कळवले, की तपासण्यांत अनेक उत्पादक कच्च्या मालाची प्रत्येक बॅच वापरण्याआधी तपासत नसल्याचे आढळले आहे. ज्यांच्याकडे देखरेखीचे काम आहे, त्यांचीच ही कबुली.

याहून खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. गांबियाची नाचक्की झाल्यावर १ जून २०२३पासून निर्यातीच्या प्रत्येक खोकल्याच्या सिरपला सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र बंधनकारक झाले. परासियाच्या औषध दुकानात जाणाऱ्या बाटलीला असा फाटक नव्हता. परदेशी मुलाच्या बाटलीवर सरकारी शिक्का आणि आपल्या मुलाच्या बाटलीवर कंपनीचा शब्द, ही विभागणी कोणत्या तर्काने केली, याचे उत्तर संसदेत मागायला हवे. प्रयोगशाळांवर ताण येईल, हे कारण पटणारे नाही. ताण खरा आहे, पण तो निर्यातीच्या वेळीही होताच.

छिंदवाड्यानंतर केंद्राने ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकोल, सॉर्बिटॉल अशा जोखमीच्या द्रावकांचा माग ऑनलाइन परवाना प्रणालीतून ठेवायचे ठरवले. पाऊल योग्य आहे, पण ते औषधाच्या अंगणातच थांबते. औद्योगिक दर्जाच्या द्रावकाच्या व्यापाऱ्याला औषध परवाना लागत नाही, आणि नेमका तिथेच माल एका पिंपातून दुसऱ्यात ओतला जातो. मुंबईत मस्जिद बंदर आणि वडगादीच्या गल्ल्यांत, भिवंडीच्या गोदामांत रसायनांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यातले बहुतेक व्यापारी सचोटीचे आहेत. पण जुन्या पिंपावर नवे लेबल चिकटवणे इथे अवघड नाही. रसायनाची रिकामी निळी पिंपे धुऊन वस्त्यांत पाणी साठवायला विकली जातात, हे कोणाला माहीत नाही? पिंपाला इतिहास नसतो, असेच आपण धरून चाललो आहोत.

तो इतिहास पिंपावर लिहावा लागेल. औषधासाठी जाणारे द्रावक मूळ कारखान्याच्या सीलबंद पिंपातूनच जावे, वाटेत फोडून पुन्हा भरण्यास बंदी असावी आणि अपवाद करायचाच तर ते काम परवानाधारक जागी, चाचणीनिशी व्हावे. प्रमाणपत्रावर मूळ उत्पादकाचे नाव नसेल तर माल दारातूनच परत जावा. तारापूरसारख्या वसाहतींत औषधांचे कारखाने आणि रंग-रसायनांचे कारखाने शेजारी-शेजारी आहेत. तिथे डायएथिलीन ग्लायकोल विकणाऱ्याने ते कोणाला, किती आणि कशासाठी विकले याची नोंद औषध निरीक्षकाला मागताक्षणी दिसायला हवी. सध्या तो निरीक्षक औषध कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो आणि शेजारच्या गोदामात काय भरले-ओतले जाते ते त्याच्या कक्षेत येत नाही.

राज्य सरकारला यातले काही करायला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. अन्न व औषध प्रशासनाने दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर एक तक्ता टाकावा. किती कारखान्यांतून द्रावकाच्या पिंपांचे नमुने घेतले, किती तपासले, किती नापास झाले आणि नापास मालाचा पुरवठादार कोण, एवढे चार रकाने त्यात असले तरी पुरे. पुरवठादाराच्या रकान्यात जेव्हा नावे दिसू लागतील, तेव्हा औषध कंपन्यांचे खरेदी अधिकारी दोन रुपये स्वस्त मिळणाऱ्या मालापुढे आपणहून थबकतील.