हलका लॅपटॉप घ्या, पण आधी त्यावर काम करून बघा

औशाहून लातूरला रोज जाऊन-येऊन करणारे थोडेथोडके नाहीत. कॉलेजची पोरं आहेत, शिक्षक आहेत, हापिसात जाणारे आहेत. अंतर वीसएक किलोमीटरचं, पण सकाळच्या एसटीत बसायला जागा मिळेलच याची खात्री नाही. पाठीवर सव्वादोन किलोचा पंधरा इंची लॅपटॉप, त्याचा चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उभ्याने गेलं की खांदा बोलायला लागतो. म्हणून हल्ली जो तो दुकानात शिरतो तोच ‘छोटा, हलका दाखवा’ म्हणत. मागणी रास्त आहे. माझं सांगणं एवढंच, की वजनाच्या आकड्याला भुलून पैसे मोजू नका. तुमचं रोजचं सगळ्यात अडेलतट्टू काम कोणतं ते आठवा आणि ते दुकानातच त्या मशीनवर करून बघा.

आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याचं घ्या. त्याला अंगठा घेण्याचं यंत्र लागतं, डिजिटल सहीचं टोकन लागतं, प्रिंटर लागतो. ही बहुतेक सगळी जुन्या रुंद यूएसबीची. अगदी पातळ लॅपटॉपला कधीकधी फक्त टाइप-सीची एक-दोन छिद्रं असतात. मग वेगळा हब घ्या, तो पिशवीत सांभाळा, आणि नेमकं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तो घरी राहिल्याचं लक्षात येऊ द्या! शिक्षकांनी एचडीएमआयचं छिद्र आहे का तेवढं पाहावं, नाहीतर शाळेतला प्रोजेक्टर नुसता टांगलेला राहील.

छिद्रापेक्षा मोठी अडचण आतल्या प्रणालीची. ऑगस्ट २०२३ मध्ये जिओबुक विक्रीला आलं. वजन ९९० ग्रॅम, पडदा ११.६ इंची, रॅम ४ जीबी, किंमत १६,४९९ रुपये. बातमी वाचून अनेकांना वाटलं, आता विषयच मिटला. पण त्यातली चिप मोबाइलच्या जातीची आणि प्रणाली जिओची स्वतःची, अँड्रॉइडच्या पायावर उभी. पोरांचा अभ्यास, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म यासाठी ते चालेल. विंडोजसाठी बनवलेलं टॅली किंवा सहीच्या टोकनचा ड्रायव्हर त्यावर बसत नाही. क्रोमबुकचंही तेच. तेव्हा दुकानदाराला ‘चांगला आहे का’ विचारू नका, तो हो म्हणणारच. ‘यात माझं अमुक सॉफ्टवेअर टाकून दाखवा’ म्हणा.

स्वस्त आणि चिमुकल्या मशीनची ही हौस नवी नाही. २००७ साली आसुसने सात इंची ‘ई पीसी’ आणला, किलोच्या आतला. नेटबुक हा शब्द तेव्हा घरोघर पोचला. चारसहा वर्षांत ती लाट ओसरली. टॅबलेट आले हे एक कारण, पण त्या इवल्या कळांवर आणि बुटक्या पडद्यावर दोन तास सलग काम करणं लोकांना नकोसं झालं, हेही तितकंच खरं.

कळांचा मुद्दा मराठी लिहिणाऱ्याने जास्त मनावर घ्यावा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला असतात, आणि अ, आ, इ, ई असा पूर्ण स्वर उमटवायचा तर शिफ्ट दाबावी लागते. डावा हात अक्षरात गुंतलेला, म्हणून करंगळी जाते उजव्या शिफ्टवर. अकरा इंची मशीनमध्ये नेमकी तीच कळ आखडून छोटी केलेली असते आणि तिच्या अंगाला बाणाची कळ चिकटवलेली असते. ‘आई’ लिहायला जावं तर कर्सर वरच्या ओळीत. दुकानात उभे राहून एक पूर्ण अर्ज टाइप करा, पाचदहा ओळींचा. बोटं लगेच सांगतील. माझ्या मते रोज लिहिणाऱ्याने तेरा-चौदा इंचांच्या खाली जाऊ नये. सव्वा-दीड किलोत तेवढा पडदा मिळतो, आणि अकरा इंचांशी तुलना करता वाढलेलं वजन फार तर एका पाण्याच्या बाटलीइतकं. पडदा फुल एचडीच हवा. कमी रिझोल्यूशनवर ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो. जमल्यास दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे झकास दिसतात.

वजन बघाल तेव्हा चार्जरसकट बघा. मशीन अकराशे ग्रॅमचं आणि सोबत चारशे ग्रॅमची वीट, असंही असतं. टाइप-सीने चार्ज होणारा असला तर बरं, छोटा चार्जर चालतो. मात्र मोबाइलचा प्रत्येक चार्जर चालतोच असं नाही, तोही लावून पाहा. ‘बारा तास बॅटरी’ हे खोक्यावरचं वाक्य सोडून द्या. वॉट-अवरचा आकडा शोधा. साधं लिहिणं-वाचणं, नेट यासाठी असं मशीन तासाला सहा-सात-आठ वॉट-अवर खातं. म्हणजे ४२ वॉट-अवरची बॅटरी सहाएक तास जाईल. दुपारी लाइट गेली तर हाच हिशोब कामाला येतो.

रॅम ८ जीबीच्या खाली नको. हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. साठवणीच्या जागी ‘ईएमएमसी’ लिहिलं असेल तर पुढच्या मशीनकडे वळा, एसएसडी मागा.

बजेट कमी असेल तर कंपन्यांनी काढलेले जुने बारा-चौदा इंची लॅपटॉप नीट करून विकतात, ते नव्या तकलादू मशीनपेक्षा कितीदा सरस निघतात. तिथे ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर भागत नाही. पंधरा वर्षांपूर्वीही आय-फाइव्ह होतेच. त्यापुढचा आकडा वाचा. ८२५० म्हणजे आठवी पिढी, ११३५ म्हणजे अकरावी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी, इंटेल असेल तर, साधारण आठव्या पिढीपासून पुढचं मशीन लागतं. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल निघतो, तो दुकानदाराकडून काढून घ्या. मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. निम्मी उरली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. पंखा नसलेलं मशीन आवाज करत नाही, त्यात काळ्या मातीची धूळही कमी शिरते. पण मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा गेला की ते तापून मंदावतं. पत्र्याच्या खोलीत बसून काम असेल तर पंखेवालं घ्या आणि वर्षातून एकदा साफ करून घ्या.

शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. ‘सर्व्हिस आहे’ म्हणजे कुठे? माणूस औशात येतो, लातूरला न्यायचं, की पुण्याला पाठवून पंधरा दिवस वाट बघायची? सेंटरचा फोन नंबर तिथेच लावून बघा. जीएसटीच्या पक्क्या बिलावर मशीनचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेला सुरू झाली ते काउंटर सोडण्यापूर्वी तपासा. शोकेसमध्ये पडून राहिलेल्या मशीनची वॉरंटी कधीकधी आधीच धावायला लागलेली असते.