छायाचित्र म्हणजे परवाना नव्हे

पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानवाटांवर हिंडावे, पालापाचोळ्यातून वर आलेल्या अळंबीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर टिपावे आणि त्या यंत्रालाच तिचे नाव विचारावे, हा छंद आता रुजू लागला आहे. निसर्गाकडे डोळसपणे पाहण्याची ही सवय स्वागतार्हच आहे. परंतु अशा रीतीने मिळालेले नाव म्हणजे खाण्याचा परवाना नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे.

अळंबीची ओळख केवळ छत्रीच्या रंगावरून पटत नाही. छत्रीखालचे पातळ पापुद्रे, देठावरचे कडे, मातीत दडलेले बूड आणि बीजाणूंचा रंग या सर्वांचा मेळ घालावा लागतो. हिरवळीवर उगवणारी ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’ ही विषारी जात खाद्य छत्र्यांसारखीच दिसते. कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरे असतात. हिरवट छटा येते ती बीजाणू पिकल्यावर. मग कोवळ्या अळंबीच्या चित्रात हा पुरावा यावा कोठून? युरोपातील ‘अमानिटा फॅलॉइडिस’चे विष तर शिजवूनही नष्ट होत नाही. तिची लक्षणे ६ तासांच्या आत सहसा दिसत नाहीत आणि पुढे यकृत निकामी होते.

वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाणारे गावकरी जागा आणि हंगाम दोन्ही पाहतात. ते ज्ञान एका चित्रात मावणारे नाही.

म्हणून छायाचित्र अवश्य घ्यावे. तारीख, जागा, जवळचे झाड यांची नोंद करावी. अभ्यासकांना तिचा उपयोग होईल. अळंबी मात्र रानातच राहू द्यावी.