शाळा-तपासनीस वगळून उरलेला अर्नॉल्ड

मराठी विभागांतील पाश्चात्त्य साहित्यविचाराच्या अध्यापनात व्हिक्टोरियन विचारवंतांची एक ठरीव रांग लावली जाते. मॅथ्यू अर्नॉल्ड म्हणजे काव्य हे जीवनभाष्य. जॉन रस्किन म्हणजे कलेची नैतिकता. वॉल्टर पेटर म्हणजे कलेसाठी कला. आणि विल्यम मॉरिसचे नाव, घेतलेच तर, रस्किनचा शिष्य म्हणून. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक सूत्र अडकवले की ही रांग परीक्षेच्या सोयीची होते. ज्या प्रश्नांनी या माणसांना लिहिते केले ते प्रश्न मात्र रांगेबाहेर राहतात. सौंदर्याचा अनुभव कोणाच्या वाट्याला येतो, त्यासाठी लागणारी सवड आणि शिक्षण कोणाला मिळते आणि त्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा, हे प्रश्न त्यांच्या सौंदर्यविचाराचा गाभा होते. हा गाभा काढून टाकून मराठी समीक्षेने व्हिक्टोरियन विचाराचा सांगाडा तेवढा स्वीकारला आणि त्या सांगाड्याच्या आधाराने कलावाद-जीवनवादाचा वाद दशकानुदशके लढवला.

अर्नॉल्डचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे हा कवी-समीक्षक सरकारी शाळा-तपासनीस होता. अधिकृत चर्चबाहेरील प्रोटेस्टंट पंथांच्या शाळा तपासत तो विस्तीर्ण जिल्ह्यांतून हिंडत राहिला. मराठी पाठ्यग्रंथांत ही नोकरी चरित्रात्मक टिपणापुरती येते. उपजीविकेसाठी पत्करलेले एक कंटाळवाणे काम, असा तिचा सूर असतो. वस्तुतः अर्नॉल्डच्या संस्कृतिविचाराची जडणघडण या कामातच झाली. १८५९ मध्ये न्यूकॅसल आयोगाच्या वतीने त्याने फ्रान्स, हॉलंड आणि स्वित्झर्लंडमधील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. सामान्यांच्या शाळेची जबाबदारी शासनाने घेतली की काय घडते, हे त्याने तेथे पाहिले आणि १८६१ मध्ये फ्रान्समधील लोकशिक्षणावर ग्रंथ लिहिला. 'कल्चर अँड अनार्की' (१८६९) या ग्रंथातील शासनसंस्थेचा आग्रह आकाशातून पडलेला नाही. त्याची मुळे या पाहणीत आहेत.

या दोन ग्रंथांच्या मधल्या काळात रॉबर्ट लो या मंत्र्याची १८६२ ची सुधारित शिक्षणसंहिता येते. निकालानुसार अनुदान हे तिचे तत्त्व होते. सहा वर्षांवरील मुलाच्या हजेरीसाठी चार शिलिंग आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांच्या परीक्षेसाठी आठ शिलिंग. मूल एका विषयात नापास झाले की त्या आठांतील एक तृतीयांश रक्कम, म्हणजे दोन शिलिंग आठ पेन्स, कापली जाई. शाळेत जे घडते त्यातील जे मोजता येईल त्याचेच पैसे मिळणार आणि ज्याचे पैसे मिळणार नाहीत ते हळूहळू शाळेतून नाहीसे होणार, हा या व्यवहाराचा अटळ परिणाम होता. नोकरीत असतानाच अर्नॉल्डने मार्च १८६२ मध्ये 'फ्रेझर्स मॅगझिन'मधून आपल्याच खात्याच्या या धोरणावर हल्ला चढवला. पुढील अहवालांतून त्याने दाखवून दिले, की मुले वाचनपुस्तक तोंडपाठ करून वाचनात उत्तीर्ण होतात; खरोखर वाचता येणे त्यासाठी आवश्यक उरत नाही.

'संस्कृती' या अर्नॉल्डीय संकल्पनेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर तिचा अर्थ पालटतो. ज्या समाजात यंत्रालाच साध्य मानले जाते, त्या समाजाविरुद्धचा त्याचा सर्व युक्तिवाद त्याने प्रथम शाळेच्या वर्गात पडताळला होता. त्याच्या निकषशिलांचेही तसेच आहे. श्रेष्ठ काव्यातील काही ओळी मनात बाळगाव्यात आणि त्यांच्या कसोटीवर इतर काव्य घासून पाहावे, हे १८८० च्या 'द स्टडी ऑफ पोएट्री'मधील सूत्र मराठी समीक्षकांना अभिजनवादी आणि अशास्त्रीय वाटले. त्यांच्या आक्षेपात तथ्यही आहे. परंतु त्याच सुमाराच्या अहवालांत हा तपासनीस प्राथमिक शाळेतील मुलांना उत्तम कविता मुखोद्गत करू द्या, असे हिरिरीने सांगत होता, ही गोष्ट आक्षेपकांच्या गावीही नसते. संहितेतील पाठांतर तपासनीसाला चकवण्यासाठी होते. अर्नॉल्डला हवे असलेले पाठांतर गरिबाच्या मुलाजवळ आयुष्यभर पुरेल अशी एक ठेव असावी म्हणून होते. ज्याच्या घरी ग्रंथसंग्रह नाही त्याच्याजवळही कसोटी असावी, ही त्यामागची धडपड आहे. अभिजनवादाचा आरोप करण्यापूर्वी ती विचारात घेणे समीक्षेचे कर्तव्य होते.

रस्किनच्या बाबतीत काटछाट अधिक ढोबळ आहे. 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या दुसऱ्या खंडातील (१८५३) गॉथिक शैलीवरील प्रकरण हे स्थापत्याच्या निमित्ताने केलेले श्रमाचे विवेचन आहे. नक्षीतील उणीव ही कारागिराच्या स्वातंत्र्याची खूण असते आणि निर्दोष साचेबंदपणा त्याच्या गुलामीची, असे तेथे प्रतिपादन आहे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वर्किंग मेन्स कॉलेज सुरू झाले तेव्हा या प्रकरणाची पुस्तिका जमलेल्या कामगारांना वाटण्यात आली. रस्किन स्वतः तेथे रेखाटन शिकवू लागला. मॉरिसने १८९२ मध्ये तेच प्रकरण आपल्या केल्मस्कॉट मुद्रणालयातून पुन्हा छापले. तोवर मॉरिस समाजवादी चळवळीत पुरता उतरलेला होता. एक सौंदर्यशास्त्रीय निबंध चाळीस वर्षे कामगारांच्या हातात फिरतो, या घटनेचा अर्थ लावण्याची गरज मराठी सौंदर्यमीमांसेला कधी भासलेली नाही.

भारतीय संदर्भात तर ही काटछाट विसंगत ठरते. रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते दर्बान प्रवासात वाचले आणि १९०८ मध्ये 'सर्वोदय' या नावाने त्याचा गुजराती सारांश प्रसिद्ध केला. त्यानंतर महाराष्ट्रात रस्किनची सरळ वाटणी झाली. अर्थशास्त्रविरोधी रस्किन सर्वोदयाच्या शिबिरांत गेला, कलासमीक्षक रस्किन साहित्यशास्त्राच्या वर्गात आला आणि दोन्ही ठिकाणी तो अर्धाच राहिला. ज्याच्या विचारात काम आणि सौंदर्य हे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते, त्याचे हे विभाजन त्याने धिक्कारलेल्या श्रमविभाजनाच्याच जातीचे आहे.

पेटरला तरी या शिक्षणविचारापासून वेगळे काढता येईल असे वाटते. तेही खरे नव्हे. १८७३ मधील प्रबोधनकालविषयक ग्रंथाचा समारोप त्याने १८७७ च्या आवृत्तीतून गाळला आणि १८८८ मध्ये थोड्या फरकाने परत घेतला, कारण तो वाचून काही तरुण भरकटतील अशी भीती त्याला वाटली. ऑक्सफर्डच्या या अध्यापकाला कलानुभवाच्या स्वायत्ततेची भाषा बोलतानाही समोर विद्यार्थी दिसत होता. उपयुक्ततावादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिलनेही १८६७ च्या सेंट अँड्र्यूज येथील व्याख्यानात बौद्धिक आणि नैतिक शिक्षणाच्या जोडीला सौंदर्यशिक्षणाला स्थान दिले.

विचारातून त्याचा प्रश्न गाळून आकार तेवढा उचलण्याची ही रीत मुंबईत दगडातच पाहायला मिळते. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या आवारातील दीक्षान्त सभागृह आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा व ग्रंथालय या गॉथिक वास्तूंचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने केले. स्कॉट मुंबईत कधीच आला नाही. रेखाटने लंडनमध्ये झाली आणि दगड येथील हातांनी घडवले. एकाने विचार करायचा आणि दुसऱ्याने हात चालवायचे, या ज्या विभागणीविरुद्ध रस्किनने गॉथिकचा कैवार घेतला, तिच्याच बळावर त्याच्या आवडीची शैली या शहरात उभी राहिली. साहित्यविचाराच्या आयातीत याहून वेगळे काही घडले नाही.

मराठीतील वादाकडे यानंतर वळावे. फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी ओळखला जाणारा कलावाद-जीवनवादाचा संघर्ष कलाकृतीत काय असावे, रंजन की बोध, या प्रश्नाभोवती फिरला. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयतत्त्वांच्या आधारे वादाची पातळी उंचावली. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेच्या संकल्पनेतच लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवून वादाला तात्त्विक शिस्त दिली. या कामगिरीचे मोल निर्विवाद आहे. तथापि या सर्व विवेचनात रसिक हा आधीच घडून आलेला असतो. त्याला वाचता येते, त्याला सवड असते, त्याची अभिरुची कमीअधिक संस्कारित असते. ती कोणत्या शाळेत, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या श्रमावर संस्कारित झाली, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. जीवनवाद्यांनीही तो विचारला नाही. गरिबाचे चित्रण कादंबरीत यावे यावर त्यांचा कटाक्ष होता. गरिबाने कादंबरी वाचण्याची व्यवस्था हा त्यांच्या साहित्यविचाराचा विषय झाला नाही.

ज्याने हा प्रश्न विचारला त्याचे नाव सौंदर्यमीमांसेच्या सूचीत सापडत नाही. मुंबई इलाख्यातही शाळांच्या अनुदानासाठी निकालानुसार पैसे ही पद्धत आणली गेली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिला स्पष्ट विरोध केला. ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडी अजून निर्माण झालेली नाही त्यांच्यासाठी ही पद्धत निरुपयोगी आहे. ती गोडी निर्माण होईपर्यंत सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हेही त्यांनी बजावले. गोडी ही जन्मजात नसते, तिची तजवीज करावी लागते आणि तजविजीला पैसा लागतो: अभिरुचीविचाराचा हा पहिला सिद्धान्त आहे. अर्नॉल्ड आणि फुले यांनी परस्परांना वाचले असण्याचे कारण नाही. एकाच साम्राज्याच्या एकाच हिशेबी धोरणाला दोघांनी वीस वर्षांच्या अंतराने दोन टोकांकडून विरोध केला. तरीही एकाची नोंद साहित्यशास्त्रात आणि दुसऱ्याची समाजसुधारणेत होते. ही वाटणी ज्ञानशाखांच्या सोयीची असेल. सत्याच्या सोयीची नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. हे सारे विचारवंत साम्राज्याचे लाभार्थी होते, त्यांचे पुनर्वाचन म्हणजे वासाहतिक गुलामगिरीचे नूतनीकरण, असा तो आक्षेप. त्यातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. १८६५ मध्ये जमैकातील उठाव गव्हर्नर आयरने शेकडो माणसे मारून चिरडला, तेव्हा रस्किनने आयरची बाजू घेतली. १८५७ च्या उठावानंतर काही महिन्यांतच दिलेल्या व्याख्यानात त्याने भारतीय अलंकरणकलेची कुशलता मान्य करून तिच्यामागे नैतिक अधःपात पाहिला. अर्नॉल्डच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत दंगलखोरांना फटके मारण्याचा आणि त्यांच्या म्होरक्यांचा कडेलोट करण्याचा उपाय वडिलांच्या तोंडून आला होता. १८७५ मध्ये तो गाळला गेला. कारागिराच्या स्वातंत्र्याची मीमांसा करणाऱ्याला जमैकातील मजुराचे स्वातंत्र्य दिसू नये, हा त्या विचारातील भेग दाखवणारा पुरावा आहे. परंतु आयरवर खटला भरावा म्हणून झगडणाऱ्या समितीचे नेतृत्व मिलकडे होते, आणि तोच मिल पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. 'व्हिक्टोरियन' हे विशेषण लावून निकाल देता येईल इतके हे प्रकरण सरळ नाही. शिवाय बहिष्कारवादीही याच विचारवंतांचा सूत्रबद्ध सांगाडा हाताशी धरतो. पाठ्यक्रम त्याची पूजा करतो आणि बहिष्कारवादी त्याला जोडे मारतो, एवढाच फरक. फुले यांनी राज्यकर्त्यांच्या आयोगापुढे उभे राहून राज्यकर्त्यांच्याच हिशेबातील खोट दाखवली. चिकित्सा म्हणतात ती याला.

हा केवळ विचारांच्या इतिहासाचा तंटा असता तर एवढ्या शब्दांची आवश्यकता नव्हती. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात मोडीत निघालेले निकालाचे तत्त्व आज अध्ययन निष्पत्तीच्या रूपाने भारतीय उच्च शिक्षणात स्थिरावले आहे. कवितांच्या घटकापुढे तो शिकून विद्यार्थ्याला काय करता येईल याची मोजता येणारी विधाने लिहिली जातात आणि संस्थेची श्रेणी अशा नोंदींशी जोडली जाते. या व्यवस्थेला साहित्याच्या बाजूने काय उत्तर आहे, असे विचारले तर कलावाद आणि जीवनवाद दोघेही निरुत्तर आहेत, कारण दोघांनीही वाचक घडण्याची प्रक्रिया आपल्या विचारात घेतलीच नव्हती. उत्तराचा आरंभ १८६२ च्या त्या लेखात आणि १८८२ च्या त्या निवेदनात आहे. ही दोन्ही लेखने साहित्यशास्त्राच्या एकाच प्रश्नपत्रिकेत येत नाहीत तोवर मराठी सौंदर्यविचार दुसऱ्याने भरलेल्या फीवर शिकलेल्या रसिकाचेच शास्त्र राहणार.