फाईल सबमिट झाली, पण शिकवलं त्याचं काय?

व्हायवाच्या आदल्या रात्री बी.एड.च्या कुठल्याही हॉस्टेलवर चक्कर मारा. रूमभर चार्टपेपर आणि स्केचपेन पसरलेले असतात. समोर सीनियरची फाईल उघडी असते आणि तिच्यातली पाठ टाचणं तारीख बदलून नव्या फाईलमध्ये उतरवली जातात. तुम्ही बी.एड. करत असाल, तर हे वाचून हसू आलं असेल. कारण हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पण यात दोष फक्त विद्यार्थ्यांचा आहे का? २०१४च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतली इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची. उद्देश हा, की भावी शिक्षकाने वर्गात जास्त वेळ काढावा. पण पाठ किती झाले आणि सह्या किती मिळाल्या, यावरच गुण ठरत असतील, तर मुलं फाईलच सजवणार ना!

पुढे भरतीचं गणितही तसंच. आधी टीईटी, मग शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे आपली 'टेट'. २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं. ही परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. तुम्ही वर्गात कसं शिकवता, हे त्यात कुठेच दिसत नाही. मग पोर्टफोलिओ कशाला करायचा, असं तुम्ही म्हणाल.

प्रश्न रास्त आहे. पण पवित्र पोर्टलवर भरतीचे दोन मार्ग आहेत. मुलाखतीशिवायच्या भरतीत गुणांवर काम होतं. मुलाखतीसह भरतीत मात्र खासगी संस्था तुमचं अध्यापन कौशल्य बघतात. विनाअनुदानित शाळाही बऱ्याचदा डेमो लेक्चर घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर म्हणतं, की वर्गातलं प्रात्यक्षिक किंवा मुलाखत हा शिक्षकभरतीचा अविभाज्य भाग व्हावा. तिथे 'मी ४० पाठ घेतले' एवढं सांगून भागणार नाही.

मग दाखवायचं काय? माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. तिने सहावीला अपूर्णांकांची बेरीज शिकवली. पाठ झकास झाला, असं तिला वाटलं. वह्या तपासल्या तर बऱ्याच मुलांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलेलं! वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. तिने त्या उत्तराचा फोटो काढून ठेवला आणि खाली लिहिलं, 'रीत सांगितली, छेद सारखा का करायचा ते सांगितलंच नाही.' दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला विचारलं, "अर्धी भाकरी खाल्ली, वर अजून थोडी खाल्ली. मग एकूण अर्धीपेक्षा कमी कशी?" मुलं हसली आणि विचारात पडली. मग कागदाच्या पट्टीचे सहा सारखे भाग करून ५/६ पर्यंत पोचली.

पहिलं टाचण, मुलांची चूक, बदललेला पाठ आणि नंतरची उत्तरं, ही चार पानं म्हणजे पोर्टफोलिओ. अशी पानं सीनियरकडून उतरवता येत नाहीत, कारण ती मुलं तुमच्याच वर्गातली असतात.

सुरुवात अगदी साधी आहे. प्रत्येक पाठानंतर दहा मिनिटं काढा आणि तीन गोष्टी लिहा: काय जमलं, मुलं कुठे अडली, पुन्हा शिकवलं तर काय बदलेन. मार्गदर्शक शिक्षकांचे शेरे जपा, कडक असले तरी. शेवटी सगळं कोंबू नका. पाच-सहा पाठ निवडा, त्यातले दोन तरी फसलेले असू द्या. आणि एक पथ्य पाळा: मुलांची नावं झाका आणि पालक व शाळेच्या परवानगीशिवाय त्यांचे फोटो लावू नका.

जबाबदारी कॉलेजांचीही आहेच. व्हायवात फाईलची बॉर्डर बघण्याऐवजी 'तुझा फसलेला पाठ दाखव' असं कुणी विचारलं, तर उतरवाउतरवी आपोआप कमी होईल.

तोवर वाट बघत बसू नका. या आठवड्यात सराव पाठ असेल, तर घंटा झाल्यावर लगेच स्टाफरूमकडे पळू नका. चार वह्या मागून घ्या आणि मुलांनी काय लिहिलंय ते वाचा.